नाइट ड्राइव्हला फ्लॅश न्यावा का?

प्रश्न : डिसेंबरमध्ये आई-बाबांबरोबर दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात चालले आहे. पार्कची नाइट ड्राइव्ह, म्हणजे रात्रीची सफारीही बुक केली आहे. माझ्याकडे ७०-२०० एफ २.८ लेन्स आणि वरून लावायचा फ्लॅश आहे. कोणी म्हणतं फ्लॅशने प्राणी आंधळे होतात, कोणी म्हणतं काही होत नाही. न्यावा की नाही?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : नेऊ नका.

प्राणी कायमचा आंधळा होतो का, या वादात मी शिरत नाही. त्या क्षणी तो दिपतो, एवढं मला पुरे आहे. बिबट्या, हरणं, रानमांजरं यांच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. आत आलेला प्रकाश तो पुन्हा दृष्टिपटलावर टाकतो. म्हणून त्यांना काळोखात आपल्यापेक्षा खूप जास्त दिसतं आणि म्हणूनच उजेडात त्यांचे डोळे चमकतात. लख्ख उजेडातून अंधारात गेल्यावर आपले डोळे नीट सरावायलाही वीस-तीस मिनिटं लागतात. आता इंपाला हरणांचा कळप उभा आहे, जवळच बिबट्या दबा धरून आहे आणि तुम्ही कळपावर झोत टाकलात, तर कोण मरणार हे तुम्ही ठरवलंत. झांबियातल्या साऊथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात आमच्या गाइडने याच कारणासाठी दिवा बंद केला होता. बिबट्याचं पोट जमिनीला टेकलेलं, शेपटाचं टोक तेवढं हलतंय आणि माझं बोट शटरवर. फोटो मिळाला नाही. गाइडचं शंभर टक्के बरोबर होतं.

आणि फ्लॅशचे फोटो तरी कुठे चांगले येतात? फ्लॅश लेन्सच्या डोक्यावरच असतो, त्यामुळे डोळ्यांच्या जागी दोन पांढरे गोळे येतात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, म्हणजे पुढचं गवत पांढरंफटक आणि मागचा प्राणी काळा. गाडीने उडवलेली धूळ चमकते ती वेगळीच.

क्रूगरच्या मोठ्या उघड्या गाडीत कडेला बसलेल्या प्रवाशांच्या हातात स्पॉटलाइट देतात. तो बाबांकडे द्या आणि तुम्ही त्यांच्यापासून एक-दोन सीट सोडून बसा. उजेड तिरका आला की अंगाचे ठिपके, केस उठून दिसतात, डोळ्यांची चमकही कमी होते. बाबांना एवढंच सांगून ठेवा, की झोत थेट डोळ्यांत धरायचा नाही, हत्ती-जिराफ-हरणांवर रेंगाळू द्यायचा नाही आणि गाइड म्हणाला की लगेच बाजूला घ्यायचा. साळिंदर, जेनेट (मांजरासारखा ठिपकेदार प्राणी), बुशबेबी (मोठ्या डोळ्यांचा, झाडावरचा इवलासा प्राणी) यांच्यासाठीही झोताची कड पुरते.

लेन्सचं तोंड पूर्ण उघडं म्हणजे एफ २.८, शटर १/८० ते १/१२५ सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० इथून सुरुवात करा. दाणे दिसले तरी चालतील, हललेला फोटो मात्र वाचवता येत नाही. मागच्या काळोखामुळे कॅमेरा फसतो आणि प्राणी पांढराफटक येतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एक ते दीड स्टॉप उणे ठेवा; एक स्टॉप उणे म्हणजे उजेड निम्मा. रॉ फाइलमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) काढा, दिव्याचा पिवळेपणा नंतर काढता येतो. कॅमेरा टेकवायला रिकामी कापडी पिशवी न्या आणि तिथे तांदूळ विकत घेऊन भरा. इंजिन बंद झाल्याशिवाय शटर दाबू नका. काही खासगी राखीव जंगलांत दिव्याला लाल फिल्टर लावतात, कारण बहुतेक सस्तन प्राण्यांना लाल रंग नीट दिसत नाही. तो फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा, छान दिसतो.

उजेडाची ही काळजी आपल्याकडेही घेतली जाते. २०२४ मध्ये पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख जपणारं उद्यान) झालं, तेव्हा सिल्लारी, वाघोडा भागातल्या गावांचे दिवे खाली तोंड करून बसवले गेले. जमलं तर जाण्याआधी तिकडे एक रात्र राहून या. नाहीतर घराची गच्ची आहेच. दिवे मालवा, दोरीवर काळी घोंगडी टाका, बाबांच्या हातात टॉर्च द्या आणि मेन्यू न बघता, बोटांनीच आयएसओ बदलता येईपर्यंत सराव करा.