जुन्या डेस्कटॉपचे साउंड कार्ड अडखळते तेव्हा

साउंड कार्डामुळे (संगणकाला आवाज देणाऱ्या कार्डामुळे) संगणक मध्येच अडकत असेल, तर नवीन कार्ड घेण्याची किंवा विंडोज पुन्हा टाकण्याची घाई करू नका. नवशिक्यांचे पैसे आणि रविवार बहुधा तिथेच वाया जातात. वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठच्या दमट हवेत पीसीआय कार्डाच्या (मदरबोर्डवरच्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, बसणाऱ्या कार्डाच्या) सोनेरी पट्ट्यांवर थर साचू शकतो, म्हणून संगणकाची विजेची पिन काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसाव्यात, कण झटकावेत आणि कार्ड शक्यतो दुसऱ्या स्लॉटमध्ये घट्ट बसवावे. तरीही संगणक अडकलाच, तर जुना ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवू देणारा प्रोग्राम) पूर्ण काढून आपल्या विंडोजच्या आवृत्तीचाच ड्रायव्हर टाकावा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर दोष कशात होता ते कळणारच नाही. विंडोज बंद पडताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर फाइलचे नाव दिसल्यास तेवढे टिपून ठेवा; बाकीचे पुढचे पुढे पाहू.