घोड्याचे खूर घरीच घासण्यात एवढं काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की नालबंद, म्हणजे खुरं कापून नाल ठोकणारा कारागीर, मिळत असताना लोक घोड्याचे खूर घरीच का साफ करतात, का घासतात, आणि त्यातून मिळतं काय. मी सहा वर्षं करतोय, म्हणून माझ्यापुरतं सांगतो.

माझी घोडी मारवाडी आहे, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेली. तेव्हा मला खरारा करणं, म्हणजे अंग घासून साफ करणं, आणि चंदी, म्हणजे दाणा, देणं, एवढंच येत होतं. खुरांचं काम नालबंदाचं. तो चाळीस किलोमीटरवरून यायचा आणि लग्नसराईत दोन-दोन महिने फिरकायचा नाही. तोवर पुढच्या खुरांची टोकं लांबायची, कडा फाकायच्या आणि चालता चालता घोडी ठेचकाळायची. शेवटी मी त्यालाच म्हटलं, दादा, मला शिकवा. पहिलं वर्षभर त्याने मला फक्त कानस चालवू दिली. सुरी हातात दिली नाही, आणि ते फार बरं झालं.

खूर आपल्या नखासारखं वाढतं, महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर. मोकळ्या रानात, कडक जमिनीवर रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या घोड्याचं ते आपोआप झिजतं, गोठ्याशी बांधलेल्याचं झिजत नाही. 'घोडा का अडला, भाकरी का करपली' याचं उत्तर आपण लहानपणी पाठ केलंय, न फिरवल्यामुळे. खुराच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे, कारण पाय जमिनीवर टेकतो तेव्हा खुरातलं रक्त वर ढकललं जायला मदत होते. म्हणून मी दर पाच-सहा आठवड्यांनी वाढलेली कड घासतो आणि रोज तिला फिरवतो. तळव्याला कानस लावत नाही. अंगठ्याने दाबल्यावर तळवा दबला, तर तो आधीच पातळ झालाय असं समजावं. उन्हाळ्यात खूर दगडासारखं होतं, तेव्हा आदल्या संध्याकाळी तिला तासभर ओल्या मातीत उभी करतो.

पण घासण्यापेक्षा जास्त काही मिळतं ते रोजच्या पाय उचलण्यात. खांद्यापासून हात खाली सरकवत आणायचा, पाय मागितला की तिने तो द्यायचा. सुरुवातीला ती हिसकायची. आता मी खाली वाकायच्या आधीच वजन दुसऱ्या पायावर टाकून तयार असते, आणि माझ्या पाठीवर नाक टेकवून श्वास सोडते. तळव्याच्या मध्यात रबरासारखी त्रिकोणी गादी असते, तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतली माती आणि शेण आकड्याने काढायचं. पावसाळ्यात तिथे काळपट चिकट घाण आणि कुजका वास आला की समजायचं, जागा ओली राहतेय. तो वास एकदा ओळखला की विसरत नाही.

एकदा बाजरीच्या खळ्यावेळी ती रात्री दावं तोडून राशीवर गेली. किती खाल्लं कळलं नाही. सकाळी पोट ठीक वाटलं, चालही ठीक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुढचा डावा पाय मागितला आणि तिने दिला नाही. उजवाही दिला नाही. पाच वर्षांत असं झालं नव्हतं. खूर हाताला गरम लागलं, घोट्याच्या मागे बोट ठेवलं तर एरवी जेमतेम जाणवणारी नाडी टणाटण उडत होती. लगेच डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंत पुढचे दोन्ही पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले. डॉक्टर म्हणाले, जास्त धान्य खाल्ल्यामुळे खुराच्या आत दाह झालाय, पण लवकर कळलंय. रोज पाय हातात घेतला नसता, तर तो नकार मला कळलाच नसता. पुढे कितीतरी आठवडे मी तिच्याजवळ नुसता बसायचो.

एक सांगून ठेवतो. खिळे ठोकून नाल बसवणं घरी करू नका. डांबरी रस्त्यावर वरातीत चालणाऱ्या किंवा डोंगरातल्या खडीवर ओझं वाहणाऱ्या घोड्यांना नाल बहुतेक लागतेच, आणि ते जाणत्याचंच काम. माझी घोडी शेतातल्या मातीत फिरते, म्हणून बिननालीची चालते. आमचे नालबंददादा आजही चार महिन्यांनी येऊन माझं काम तपासतात. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन तुमचंही आणि घोड्याचंही वेळेवर घ्या, घोड्याला तो फार लवकर होतो.

त्या आजारानंतर दोन महिन्यांनी केसांच्या कडेखाली खुरावर एक वळी उमटली, टाचेकडे रुंद आणि टोकाकडे अरुंद. दर वेळी कानस घेऊन बसलो की ती थोडी खाली सरकलेली दिसायची. संक्रांतीला बोटभर, पाडव्याला दोन बोटं. पुढच्या दिवाळीनंतर ती जमिनीला टेकली. त्या दिवशी उजव्या खुराची शेवटची कड घासली आणि वळी पांढऱ्या भुग्यात खाली पडली. घोडी तोबऱ्यात तोंड घालून खात होती, पाय माझ्या मांडीवरच ठेवून.