कोर्सची फी ८५ हजार, पण खर्च किती?

प्रश्न : दादा नमस्कार. मी विक्रोळीला कन्नमवारनगरात राहते. मुलगा यंदा बारावी कॉमर्स झाला, मार्क जेमतेमच, पण गाड्यांचं वेड लहानपणापासून. एका खासगी इन्स्टिट्यूटमध्ये टू-व्हीलर फोर-व्हीलर रिपेअरिंगचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे, फी ८५ हजार, ते म्हणतात कोर्स संपला की २२ हजाराची नोकरी. दुसरीकडे भांडुपला माझ्या दिरांच्या ओळखीचं गॅरेज आहे, मालक म्हणतो उद्यापासून पाठवा, ९ हजार देतो आणि कामही शिकवतो. मिस्टर म्हणतात पतपेढीतून कर्ज काढू पण कागद हातात असू दे. पैसे वसूल होतील का?

उत्तर : ताई, आधी हिशोब करू, बाकीचं मग बोलू. फी ८५ हजार हे तर दिसतंयच, पण ते सहा महिने पोरगा गॅरेजात गेला असता तर महिना ९ हजाराने ५४ हजार घरात आले असते, ते येणार नाहीत. म्हणजे कोर्स पडला १ लाख ३९ हजाराला, आणि पतपेढीचं व्याज, रोजचं जाणं-येणं, वडापाव हे अजून धरलंच नाही. बहुतेक आईवडील फी बघतात आणि हा बुडालेला पगार विसरतात.

आता वसुली. इथे २२ हजार हा आकडा डोक्यातून काढून टाका. बघायचं काय, तर कोर्स करून मिळणारा पगार आणि कोर्स न करता त्याच वेळी मिळाला असता तो पगार, यात फरक किती. हाताला वळण असलेला पोरगा गॅरेजात सहा-आठ महिन्यांनी ९ हजारावर थोडाच थांबतो, मालकाने वाढवलं नाही तर समोरचा गॅरेजवाला वाढवून नेतो. समजा फरक महिना ३ हजाराचा पडला, तर १ लाख ३९ हजार फिटायला ४६ महिने, म्हणजे चार वर्षांना दोनच महिने कमी. फरक ६ हजाराचा पडला तर २३ महिने. दोन वर्षांच्या आत फिटत असेल तर मी म्हणेन करा, चार वर्षं लागत असतील तर कर्ज काढून करू नका.

आणि ते २२ हजार हातात येणारे की कागदावरचे, ते नीट विचारा. ओव्हरटाइम, इन्सेन्टिव्ह, पीएफ सगळं मिळवून मोठा आकडा सांगायची पद्धत आहे. मागच्या बॅचमधल्या तीन-चार पोरांचे नंबर मागून घ्या आणि तुम्ही स्वतः फोन करा, इन्स्टिट्यूटवाल्याला लावून द्यायला सांगू नका. प्लेसमेंट असिस्टन्स असं लिहिलेलं असेल तर ती गॅरंटी नाही, नुसते इंटरव्ह्यूला पाठवलं तरी त्यांचं असिस्टन्स झालं. माझ्या भाच्याला असंच एका ठिकाणी (नाव नाही घेत) नोकरी देतो म्हणून घेतलं आणि शेवटी गाड्या धुवायला लावलं, सर्टिफिकेट मात्र एकदम चकचकीत, फ्रेम करून भिंतीवर लावलंय बहिणीने.

मग गॅरेजलाच पाठवू का, असं तुम्ही म्हणाल. तर थांबा जरा. मी २३ वर्षं वर्कशॉपच्या फ्लोअरवर काढलीत, आमच्या वेळी उस्ताद कार्बोरेटरचा (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) स्क्रू अर्धा आटा फिरवायचा आणि कान लावून सांगायचा, हां, आता बसली. त्या कानाची किंमत अजून आहेच, पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स, म्हणजे धुराचा कडक नियम, आला आणि साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बाइकलासुद्धा फ्युएल इंजेक्शन लागलं, सेन्सर आले, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर आला. आता बऱ्याच गॅरेजात स्कॅनर असतो, म्हणजे त्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र, पण स्कॅनर म्हणजे डॉक्टर नाही हो, थर्मामीटर आहे. समजा गाडीने पी०१७१ कोड दिला, म्हणजे इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय एवढंच कळलं. आता कुठे पाइप फाटून हवा चोरतेय, की पंपाचं प्रेशर पडलंय, की हवा मोजणारा सेन्सर घाण झालाय, ते शोधायचं माणसाने. ज्याला हे शिकवलेलंच नाही तो काय करतो, एकेक पार्ट बदलत सुटतो, गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि ते पुन्हा येत नाही. म्हणून शिक्षण पाहिजेच, प्रश्न एवढाच की ते ८५ हजाराला विकत घ्यायचं का.

भांडुपच्या मालकाला एकच विचारा, स्कॅनर आहे का आणि पोराला हातात देणार का? पाना धुऊन दे, चहा सांगून ये यातच वर्ष जाणार असेल तर तिथलं शिक्षणही महागच.

तुम्ही तिसरा रस्ता लिहिलाच नाहीत, सरकारी आयटीआय. तुमच्या शेजारी मुलुंडलाच आहे. मोटर मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा, ॲडमिशन ऑनलाइन होते आणि दहावीच्या मार्कांवर होते, त्यामुळे बारावीचं जेमतेम सोडा, दहावीचं मार्कशीट काढा. फी खासगीच्या मानाने काहीच नाही. पण मघाचाच नियम इथेही लावा, फी कमी म्हणजे फुकट नाही, दोन वर्षांचे ९ हजार धरले तर २ लाख १६ हजार बुडतात, तुमच्या ८५ हजारवाल्या कोर्सपेक्षा जास्तच! तरीही मी आयटीआयकडे झुकतो, कारण त्या कागदाने जी दारं उघडतात ती सहा महिन्यांच्या खासगी कागदाने उघडत नाहीत. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत मोटर मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक दोन्ही ट्रेड चालतात, पण कागद एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटीचाच, म्हणजे केंद्राच्या किंवा राज्याच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचाच लागतो. एसटी अप्रेंटिस घेते, तिथेही आयटीआय. दोन वर्षांचा ट्रेड केला तर इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. बेस्टचं मात्र जरा बघून, त्यांच्या स्वतःच्या बस कमी होत चालल्यात आणि भाड्याच्या बसची दुरुस्ती तो ठेकेदार बघतो, म्हणजे काम आहे पण नोकरी बेस्टची नाही.

बुडणारा पगार कमी करायचा उपाय आहे, आयटीआयच्या वेळा शिफ्टच्या असतात, उरलेला अर्धा दिवस आणि रविवार भांडुपच्या गॅरेजात. मालकाने अर्धा पगार दिला तरी नुकसान १ लाख ८ हजारावर येतं आणि कर्ज तर काढावंच लागत नाही. पोरगं दमेल, पण १८ वर्षांचं आहे, दमू दे.

आणि आयटीआयला नंबर लागलाच नाही आणि खासगीतच जायचं ठरलं, तर ॲडमिशन घेण्याआधी तिथे जाऊन या. ऑफिसात एसीत बसू नका, मागे वर्कशॉपमध्ये जा. एका इंजिनवर किती पोरं उभी आहेत ते मोजा, आणि त्यातलं एखादं इंजिन चालू करून दाखवा म्हणा. कापून रंगवलेली इंजिनं भिंतीला लावलेली असतील आणि चालणारी गाडी एकही नसेल तर नमस्कार करून बाहेर या. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, बॅच चालू असते तेव्हा जा.

प्रश्न : वय ३४, सायनला गॅरेजात ११ वर्षं काम करतोय, कागद एकही नाही. ईव्हीचा कोर्स करू का? ४० हजार सांगतायत.

उत्तर : भाऊ, तुम्ही आधी आरपीएलची चौकशी करा, म्हणजे येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात ते. गाड्यांच्या कामासाठी ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल आहे, त्यांच्या मान्यतेच्या सेंटरवर विचारा. ११ वर्षं काम केलेल्या माणसाने पाना कसा धरायचा ते शिकायला परत पैसे भरायचे नाहीत.

ईव्हीचं म्हणाल तर शिकाच, पण ४० हजार लगेच वसूल होतील या हिशोबाने नको. या गाड्यांत ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही, म्हणजे तुमचं रोजचं चिल्लर काम तिथे निम्म्याने गेलं. बॅटरी वॉरंटीत असते तोवर मालक कंपनीच्याच सेंटरला जातो, कारमध्ये आठ वर्षांची वॉरंटी सर्रास असते. तुमच्या दारात येईल ते ब्रेक, सस्पेन्शन, टायर, वायरिंग, आणि ते तुम्हाला आजही येतं. पहिली कमाई स्कूटर आणि ई-रिक्षाची आहे, त्यांचे बॅटरी पॅक बहुतेक ४८ ते ७२ व्होल्टचे. कारचा पॅक तीनशे-चारशे व्होल्ट डीसी, त्याला ट्रेनिंगशिवाय हात लावायचा नाही, शेठ कितीही म्हणू दे, कर रे जरा बघून. इन्सुलेटेड हातमोजे आणि मेन सर्व्हिस प्लग (बॅटरीचा करंट तोडायचा प्लग) काढायची पद्धत ज्या कोर्समध्ये प्रत्यक्ष करून घेतात तोच निवडा, आणि फी दोन हप्त्यांत भरायला तयार आहेत का तेही विचारा, एकदम मागत असतील तर जरा थांबा.