आंबटाची चौकशी आधी

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी रविवारी एकत्र जेवायचं आणि प्रत्येकाने आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या घरचा पदार्थ करून आणायचा, हे तुमचं ठरलं ते झकास झालं. पण काफ्रेआल (हिरव्या मसाल्यातलं चिकन), विंदालू, सान्नां (तांदळाच्या फुगलेल्या इडल्या), बांगड्याचं हुमण (नारळाच्या वाटणातलं कालवण) अशी यादीच पाठवलीस! दोन बर्नरच्या गॅसवर हे सगळं एका सकाळी होत नाही. एकच निवड आणि नेण्याआधी एकदा तरी घरी करून बघ.

निवडताना आधी एवढंच विचार, की या पदार्थाला आंबट कशाचं? मसाल्यांची नावं कुणीही सांगेल. गोव्यात घराघरांतला फरक बराचसा आंबटावर असतो. आपल्याकडे सोलं, चिंच, आंबाडे, बिमलं. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, व्हिनेगर. विंदालूचंच बघ. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर नाताळात वाइन आणि लसणीत मुरवलेलं डुकराचं मांस करतात. तो प्रकार इथे आला, वाइनच्या जागी सुरेचं व्हिनेगर बसलं, मिरच्या-मसाले आले आणि तो पक्का गोंयकार झाला. त्यात बटाटा मात्र घालू नकोस. हॉटेलवाले घालतात; इथल्या घरच्या विंदालूत तो नसतो आणि घातला तर आंबट-मीठ शोषून रस्सा मिळमिळीत करतो.

पदार्थ किती तास टिकणार हेसुद्धा आंबटावर ठरतं. व्हिनेगरचा विंदालू आदल्या दिवशी करून, फ्रिजमध्ये ठेवून, दुसऱ्या दिवशी उकळून वाढला तर जास्त चांगला लागतो. वाटलेल्या नारळाचं हुमण उन्हाळ्यात सकाळी करून दुपारपर्यंत बाहेर ठेवलंस तर उतरलंच म्हणून समज.

तुझ्यासाठी मी काफ्रेआल निवडेन. पोर्तुगीज अमलात मोझांबिककडून आलेला हा प्रकार, नारळ नाही, रस्सा नाही, डब्यातून सांडायची भीती नाही.

एक किलो चिकन घे, तंगड्या आणि मांड्या, हाडासकट. छातीचे तुकडे कोरडे पडतात. पुसून कोरडे कर आणि प्रत्येकाला हाडापर्यंत दोन-तीन चिरा दे. वाटणाला कोथिंबिरीची एक मोठी जुडी कोवळ्या देठांसकट, सात-आठ हिरव्या मिरच्या, दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, एक चमचा जिरं, दहा मिरे, चार लवंगा, इंचभर दालचिनी. पाण्याऐवजी दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि एका लिंबाच्या रसात वाट. मिक्सर अडलाच तर पाणी चमचाभर. मीठ दीड चमचा. चिरांत बोटाने मसाला भर आणि फ्रिजमध्ये किमान चार तास, जमलं तर रात्रभर मुरव. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. ॲल्युमिनियमला आंबट लागतं आणि चव बिघडते.

व्हिनेगर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुरेचं मिळतं. बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असेल तर ते नुसतं पाणी घातलेलं ॲसिड. त्याने जीभ चरचरते, वास काही येत नाही. तेच हाताशी असेल तर निम्मं घाल, चिमूटभर साखर घाल आणि चव थोडी कमी येईल हे धरून चाल.

बहुतेकांचं काफ्रेआल तळताना बिघडतं. तुकड्यांवरचा जास्तीचा मसाला निपटून बाजूला ठेव. जाड पसरट तव्यात तीन मोठे चमचे तेल, आच मध्यम, तुकडे एकमेकांना न चिकटवता ठेव. गर्दी केलीस की पाणी सुटतं, चिकन तळायच्या ऐवजी शिजतं आणि करडं दिसतं. त्यापेक्षा दोन खेपा कर. पाच-सहा मिनिटं हात लावू नकोस, खालची बाजू धरली की ती आपणच सुटते. दोन्ही बाजू झाल्या की सगळे तुकडे परत तव्यात, बाजूला ठेवलेला मसाला आणि अर्धी वाटी पाणी, झाकण, मंद आचेवर पंधरा मिनिटं. मग झाकण काढून मसाला तुकड्यांना चिकटेपर्यंत आटव. सुरुवातीलाच आच मोठी केलीस तर कोथिंबीर करपून कडू होते, त्यावर उपाय नाही. हाडाजवळ सुरी घालून बघ; पाणी स्वच्छ आलं पाहिजे, गुलाबी नको. आणि हिरवागार रंग टिकत नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. आंबटात शिजलेली कोथिंबीर शेवाळी होणारच. हॉटेलातला पोपटी रंग बघितलास की शंका घे.

काही घरांत मुरवताना चमचाभर रम घालतात. तू घालू नकोस, निदान न विचारता तर नाहीच. तुमच्याकडे मुसलमान कुटुंब आहे, तेव्हा चिकन हलाल दुकानातूनच आण. गुरुवारी-सोमवारी न खाणारे रविवारी खातील, पण श्रावण चालू असेल तर आधी चौकशी कर. ख्रिस्ती घरांत ईस्टरआधीच्या उपासकाळातले शुक्रवार मांसाशिवाय जातात, रविवार मोकळा. अंडंसुद्धा न खाणारे असतील तर त्यांना सांग, बिबिंक्याच्या (थराथरांच्या गोड केकच्या) थरांत अंड्याचा बलक असतो. दिसत नाही म्हणून लोक फसतात. त्यांच्यासाठी कुणाला तरी खतखतं करायला लाव. कांदा-लसूण नाही, तूरडाळ, भाज्या आणि तिरफळं (एक वासाचं मसाल्याचं फळ), पोटभर होतं.

तिरफळांवरून आठवलं. हुमण कुणा दुसऱ्याने घेतलं तर त्याला सांग, चार बांगड्यांना आठ-दहा तिरफळं, काळ्या बिया काढून, जराशी ठेचून, मासळीबरोबर घालायची. वाटणात वाटली की कडवट. चमचा न घालता भांडंच हलवायचं, नाहीतर बांगड्यांचा चुरा. फोडणी नको, शेवटी कच्चं खोबरेल चमचाभर.

पोदेराला (पाववाल्याला) शनिवारी संध्याकाळीच सांगून ठेव, माणशी दोन पोया (कोंड्याचे गोल पाव). दुपारपर्यंत चिवट झाल्या तर पाण्याचा हात लावून तव्यावर झाकून मिनिटभर गरम कर. कांद्याच्या चकत्या आणि लिंबाच्या फोडी वेगळ्या डब्यात ने. आधीच वर घातल्यास तर कांद्याला पाणी सुटतं.

तुझा,
मामा