रजिस्ट्रीतील बायनरी मजकूर आणि पुसली जाणारी शून्ये

आपल्या संस्थेच्या जुन्या विंडोज ७ संगणकावर शाखांची नावे रजिस्ट्रीत (विंडोज व सॉफ्टवेअर आपल्या नोंदी ठेवतात तो साठा) बायनरी प्रकारात, म्हणजे नुसत्या आकड्यांच्या रूपात, साठवलेली आहेत, पॉवरशेलने (विंडोजमधील लेखी आज्ञा चालवणारे साधन) वाचल्यास ५६ ९ ६२ ९ ३६ ९ ६२ ९ ४८ ९ ६२ ९ अशी रांग मिळते आणि कुणीतरी दिलेल्या स्क्रिप्टमधून ती नेल्यास ‘८ > $ > ० >’ अशी चिन्हे उमटतात, असे आपण लिहिले आहे. डेटा खराब झाला असावा, ही आपली शंका सोडून द्यावी. त्या रांगेत ‘सातारा’ असे स्वच्छ लिहिलेले आहे.

विंडोज मजकूर बहुधा यूटीएफ-१६ लिटल एंडियन पद्धतीने साठवते. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दोन बाइटांचे (बाइट म्हणजे ० ते २५५ मधील एक आकडा) असते आणि त्यातला लहान वजनाचा बाइट आधी येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरीचा पट्टा षोडशमान (सोळाच्या पायावरील) ०९०० पासून ०९७एफ पर्यंत असल्यामुळे दुसरा बाइट नेहमी ९ असतो. ५६ व ९ मिळून ‘स’, ६२ व ९ मिळून काना, ३६ व ९ मिळून ‘त’, ४८ व ९ मिळून ‘र’. इंग्रजी अक्षरांच्या आणि मोकळ्या जागेच्या बाबतीत हाच दुसरा बाइट शून्य असतो. आपल्याला मिळालेली स्क्रिप्ट प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर मानते, म्हणून ५६ चा इंग्रजी आठ होतो, ६२ चे ‘>’, ३६ चा डॉलर आणि ९ चा टॅब.

ही स्क्रिप्ट कुठून येते, याचा मला अंदाज आहे, कारण सांगलीतील ज्या पतसंस्थेचे संगणक मी सांभाळतो, तेथेही तिचीच बहीण येऊन गेली. आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा पुरवठादार कोण, हे येथे लिहिणार नाही. त्याच्या मदत कक्षाने प्रथम ‘हा डेटा एन्क्रिप्टेड (गुप्त संकेतात बंद केलेला) आहे, तो बाहेरून वाचताच येत नाही’ असे ठामपणे कळवले. पाठपुरावा केल्यावर व्हीबीस्क्रिप्ट या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या स्क्रिप्ट-भाषेतली एक फाइल पाठवली. तीत बाइटांची रांग एकेक करून तपासून शून्ये वगळली जात होती आणि उरलेल्या प्रत्येक आकड्याचे अक्षर केले जात होते. इंग्रजीत नोंदवलेली वापरकर्त्यांची नावे तीतून बिनचूक निघाली, तेवढ्यावर त्या कक्षाने स्क्रिप्ट बरोबर असल्याचा निर्वाळा दिला आणि मराठी नावांचा चुथडा झालेला दाखवल्यावर ‘आपला डेटा करप्ट आहे, नवी आवृत्ती घ्या’ असे उत्तर दिले. ऐन मार्चअखेर होती. लेखा विभागाने शाखांची नावे जुन्या पासबुकांवरून हाताने टंकली, त्यात कुणी ‘कवठे महांकाळ’ लिहिले, कुणी ‘कवठेमहांकाळ’, आणि एकाच शाखेची दोन खाती तेरजेत (खात्यांच्या गोषवाऱ्यात) उभी राहिली. लेखापरीक्षकांना तो फरक समजावून सांगण्यात जो वेळ गेला, त्याचे बिल त्या कक्षाला पाठवावे, असे मला आजही वाटते. एन्क्रिप्ट केलेल्या डेटातले आकडे ० ते २५५ मध्ये कसेही विखुरलेले असतात. येथे एक सोडून एक ९ दिसत होता, आणि एवढे पाहण्याचीही तसदी कुणी घेतली नव्हती.

शून्ये वगळण्याचा दुसरा धोका अधिक फसवा आहे. समजा, शाखेचे नाव ‘सातारा शहर’ आहे. मधल्या मोकळ्या जागेचे बाइट ३२ आणि ०. शून्य काढून नंतर योग्य पद्धतीने वाचले, तरी तेथून पुढच्या सर्व जोड्या एका बाइटने सरकतात. ३२ ची जोडी ‘श’मधल्या ५४ शी लागते आणि ‘शहर’च्या जागी चिनी वळणाची अक्षरे दिसू लागतात. एकशब्दी नावे नीट आणि दोन शब्दांची अर्धवट बिघडलेली दिसली, तर कारण हेच समजावे.

म्हणून बाइटांना हात न लावता संपूर्ण संच एकदम रूपांतरित करावा. पॉवरशेलमध्ये सिस्टम.टेक्स्ट.एन्कोडिंग वर्गातील ‘युनिकोड’ची गेटस्ट्रिंग पद्धत वापरावी, तेथे ‘युनिकोड’ म्हणजे यूटीएफ-१६ लिटल एंडियनच. पायथॉन भाषेत विनरेग या रजिस्ट्री वाचणाऱ्या घटकाने मिळालेल्या बाइटांवर डीकोड चालवून यूटीएफ-१६-एलई सांगावे. व्हीबीस्क्रिप्टमध्येही दुसरा बाइट २५६ ने गुणून पहिल्यात मिळवून, त्या संख्येचे अक्षर करणारे सीएचआरडब्ल्यू वापरता येते, परंतु मायक्रोसॉफ्टने ती भाषा २०२३ मध्ये मोडीत काढण्याच्या यादीत घातली असल्याने तिच्यात नवे काही लिहू नये, असे माझे मत आहे.

मजकूर जेथे संपतो तेथे शून्य-अक्षर (दोन्ही बाइट शून्य असलेली जोडी) असते आणि काही सॉफ्टवेअर त्यापुढे अन्य डेटाही ठेवतात. गेटस्ट्रिंग तेथे थांबत नाही. मात्र बाइटांमध्ये ‘लागोपाठ दोन शून्ये’ शोधून तोडू नये, कारण इंग्रजी नावाच्या शेवटच्या अक्षराचे स्वतःचे शून्य त्यात धरले जाते आणि ते अक्षर अर्धे तुटते. आधी रूपांतर करावे, मग पहिल्या शून्य-अक्षरापाशी मजकूर कापावा.

रूपांतर बरोबर होऊनही निकाल बिघडतो तो फाइल लिहिताना. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे ५.१ आवृत्तीपर्यंत, एक्स्पोर्ट-सीएसव्ही ही आज्ञा एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) न सांगितल्यास केवळ इंग्रजी अक्षरांची ॲस्की पद्धत वापरते आणि प्रत्येक मराठी चिन्हाचे प्रश्नचिन्ह करून टाकते. त्या फाइलमधून मूळ नाव पुन्हा काढता येत नाही. यूटीएफ-८ ही सर्व लिप्या सामावणारी पद्धत स्पष्ट सांगावी. या आवृत्त्या फाइलच्या आरंभी एन्कोडिंग ओळखू यावे म्हणून खूणबाइटही घालतात, त्यामुळे एक्सेल ती फाइल नीट उघडते. आज्ञा टंकण्याच्या काळ्या खिडकीत चौकोन दिसले म्हणून रूपांतर चुकले असे मानू नये, कारण तिला देवनागरी धड दाखवता येत नाही. नोटपॅडमध्ये उघडून पाहावे. स्क्रिप्टमध्येच मराठी शब्द लिहिले असतील, तर ती फाइलही खूणबाइटांसह यूटीएफ-८ मध्ये जतन करावी.

आपले सॉफ्टवेअर मी पाहिलेले नाही, तेव्हा हे सर्व त्या एका रांगेवरून लिहिले आहे. आधी ती कळ (‘की’, म्हणजे रजिस्ट्रीतला नावे असलेला कप्पा) एक्स्पोर्ट करून ठेवावी आणि स्क्रिप्टने केवळ वाचावे. कळ सापडतच नसेल आणि विंडोज ६४ बिटांची असेल, तर वॉव६४३२नोड या ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या कप्प्याखाली पाहावे. रजिस्ट्री संपादकाच्या खिडकीत हेच बाइट षोडशमानात दिसतात, म्हणजे ‘स’ तेथे ३८ ०९ असा दिसेल. तो ५६ शी जुळत नाही म्हणून गोंधळू नये.

एखाद्या नोंदीत एक सोडून एक ९ किंवा ० दिसत नसेल, तर तो मजकूर यूटीएफ-१६ नाही. नेमके आठ बाइट असतील, तर बहुधा ती वेळ असते: १ जानेवारी १६०१ पासून मोजलेले १०० नॅनोसेकंदांचे एकक. बिटकन्व्हर्टरने त्याची ६४ बिटांची संख्या करून डेटटाइमच्या फ्रॉमफाइलटाइमला द्यावी. भारतीय लिप्यांच्या जुन्या इस्की मानकातला मजकूर असेल, तर त्याच पॉवरशेलमध्ये कोड पेज (अक्षरतक्ता) ५७००२ मागावे. एखाद्या जुन्या मराठी फॉन्टसाठी टंकलेला मजकूर असेल, तर यातले काहीच चालणार नाही आणि त्या फॉन्टची अक्षरजुळणीची तालिकाच लागेल. तशी रांग निघाली, तर फॉन्टच्या नावासह येथे द्यावी.