जुन्या घराची वायरिंग बदलावी का?

तुमच्या घरात लाकडी पट्टीवरच्या, रबरी वेष्टनाच्या तारा अजून वापरात असतील, तर नूतनीकरणात वायरिंग पूर्ण बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन तडकते आणि हात लागताच गळून पडते. तारा तांब्याच्या आणि पीव्हीसी वेष्टनाच्या असतील, तर मात्र घाई करू नका. परवानाधारक वायरमनकडून 500 व्होल्टच्या मेगरने (वेष्टनातून वीज गळते का हे मोजणारे उपकरण) इन्सुलेशन तपासून घ्या आणि प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थिंग खरोखर पोहोचते का, तेही पाहा. माझ्या घरी सॉकेट तीन पिनांचे होते, पण अर्थिंगची तार मागे जोडलेलीच नव्हती, आणि हे मला गिझर बसवताना कळले.

भारही विचारात घ्या. 2000 वॅटचा गिझर सुमारे 9 अँपिअर प्रवाह घेतो. त्याला आणि एसीला 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार द्यावी, दिव्यांना 1.5 चौरस मिलिमीटरची पुरते. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीत, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमध्ये, काटकसर नको, घरात लहान मुले असतील तर अजिबातच नको. भिंतीतल्या झिऱ्या फरशी आणि रंगकामाआधीच मारून घ्या, आणि प्लास्टर होण्यापूर्वी तारांच्या पाइपांच्या मार्गांची छायाचित्रे काढून ठेवा.