मुलाखतीत विचारतात ते तुमच्याच कागदावरचं

नोकरीच्या मुलाखतीबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. वाचकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी अंबड तालुक्यातल्या खेड्यात राहतो. मेकॅनिकल डिप्लोमा ६८ टक्क्यांनी झाला. वाळूजच्या एका ऑटो पार्टच्या कंपनीतून क्वालिटी विभागासाठी कॉल आलाय. पंधरा दिवस हातात आहेत. सहाही सेमिस्टरची पुस्तकं काढून बसलोय, पण कुठून सुरू करावं ते सुधरंना. इंग्रजी पण कच्चं आहे.

उत्तर : पुस्तकं बाजूला ठेवा आणि आपला बायोडाटा समोर घ्या. समोरच्या साहेबांकडे तुमच्याबद्दल तेवढा एकच कागद असतो, त्यामुळे बहुतेक प्रश्न त्याच्यातूनच निघतात. त्यातल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारा आणि त्यावर तीन प्रश्न स्वतःला विचारा : हे काय आहे, मी ते कुठं वापरलं, त्यात काय चुकू शकतं? ज्या शब्दावर दोन मिनिटं बोलता येत नाही तो खोडून टाका. ‘ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, सीएनसी प्रोग्रामिंग’ असं लिहिलेलं असतं आणि जी०० व जी०१ या सीएनसी कोडमधला फरक विचारला की मुलगा गप्प होतो. मग खरोखर येत असलेल्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

क्वालिटीच्या जागेसाठी मोजमाप पक्कं हवं. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (त्यानं मोजता येणारं सर्वात लहान माप) ०.०२ मिमी एवढं पाठ असून भागत नाही, तो कसा आला ते सांगावं लागतं. व्हर्नियर पट्टीवरचे ५० भाग मुख्य पट्टीच्या ४९ मिमीएवढे असतात, म्हणजे एक भाग ०.९८ मिमीचा; १ मधून ०.९८ गेले की ०.०२ उरतात. मायक्रोमीटरचा पिच ०.५ मिमी आणि थिंबलवर ५० भाग, म्हणून ०.०१. पुढचा प्रश्न ठरलेला : शाफ्टचा साइज २५ अधिक-उणे ०.०५ असेल तर कशानं मोजाल? इथं एकूण टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ०.१० आहे. उपकरणाचा लीस्ट काउंट टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शाएवढा असावा हा शॉपफ्लोअरवरचा नियम, म्हणजे ०.०१. म्हणून मायक्रोमीटर, व्हर्नियर नाही. ‘व्हर्नियर’ म्हणून उत्तर देणारी मुलं याच ठिकाणी गळतात.

काही ठिकाणी हातात पार्ट आणि ड्रॉइंग देतात. ड्रॉइंग मिळालं की आधी टायटल ब्लॉक बघा : पार्ट नंबर, मटेरियल, प्रोजेक्शनची खूण आणि रिव्हिजन नंबर (ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती). जुन्या रिव्हिजनवर पार्ट तपासला तर सगळी मापं बरोबर येऊनही लॉट परत येतो, म्हणून रिव्हिजनचा उल्लेख केलात तर समोरच्याला तुम्ही काम समजता हे कळतं. मोजण्याआधी पार्ट पुसा, कडेला बर (कापताना उरलेली धारदार कड) आहे का ते बघा, उपकरणाचा झिरो तपासा. हे सगळं करताना ते तुमचे हात बघत असतात.

प्रोजेक्टबद्दल स्पष्टच सांगतो. प्रोजेक्ट रेडिमेड आणलेला असेल तर तो लपत नाही. मोटर किती एचपीची, आरपीएम किती, फ्रेमला एमएसचा कोणता सेक्शन, एकूण खर्च किती, तुमच्या वाट्याला कोणतं काम होतं आणि काय बिघडलं, या सहा प्रश्नांत उलगडा होतो. पंधरा दिवस आहेत. मित्राकडून फाइल घ्या, प्रोजेक्ट कॉलेजात असेल तर जाऊन मापं घ्या.

इंग्रजीचं एवढं घेऊ नका. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या उत्पादन विभागांत बोलणं मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून चालतं आणि तांत्रिक शब्द तर तुम्ही इंग्रजीच वापरता. पण ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर इंग्रजीत सात-आठ वाक्यांचं, दीड मिनिटाच्या आत बसणारं तयार ठेवा. वडील काय करतात, छंद कोणते इथून सुरुवात करू नका. शिक्षण, टक्के, ट्रेनिंग कुठल्या विभागात झालं, तिथं कोणती उपकरणं हाताळली, प्रोजेक्टमधला तुमचा वाटा, आणि क्वालिटीतच का यायचं आहे, या क्रमानं बोला. आरशासमोर म्हणून फायदा होत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. अडखळणारी वाक्यं लगेच सापडतात.

मुलाखतीला कागद छापील न्या. अनेक कंपन्यांत मोबाइल गेटवर जमा करून घेतात, मग फोनमधला मेमो (गुणपत्रिका), आधार काहीच दाखवता येत नाही. ज्या साहेबांनी बोलावलं त्यांचं नाव आणि नंबरही कागदावर लिहून ठेवा. गेटपासला अर्धा तास जातो, म्हणून दिलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी गेटवर असा. अंबडहून सकाळची गाडी धरून वाळूज गाठण्यात धोका आहे. छत्रपती संभाजीनगर शहरात पाहुण्याकडं आदल्या रात्रीच मुक्काम करा.

प्रश्न : परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री केलं. आयबीपीएस पीओची (बँक अधिकारी भरतीची) मुख्य परीक्षा निघाली, आता मुलाखत आहे. ‘शेती शिकून बँकेत कशाला?’ असं विचारलं तर काय सांगू? आणि कागदपत्रांत काय अडतं?

उत्तर : मुलाखत १०० गुणांची असते. खुल्या गटाला किमान ४० टक्के, राखीव गटाला ३५ टक्के लागतात आणि अंतिम यादीत मुख्य परीक्षा ८० व मुलाखत २० असं वजन धरतात.

शेतीची पदवी ही तुमची जमेची बाजू आहे, ती अडचण असल्यासारखं बोलू नका. ‘देशसेवा’, ‘स्थिर नोकरी’ ही उत्तरं रोज शेकडो वेळा ऐकली जातात. त्याऐवजी पीककर्जाबद्दल बोला. सोयाबीनला एकरी खर्च किती येतो, तो कधी लागतो आणि कर्ज हातात पडायला उशीर झाला तर शेतकरी कुणाकडं जातो, हे तुम्हाला माहीत आहे. शाखेत कर्जाची फाइल बघणाऱ्या अधिकाऱ्याला हे समजलं पाहिजे, एवढं म्हटलं तरी उत्तर पूर्ण होतं.

पण असं म्हटलं की पुढचे प्रश्न त्यातूनच येणार, म्हणून हे पक्कं करा. साधं मुदत कर्ज हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की एनपीए (थकीत, बुडीत होऊ घातलेलं कर्ज) होतं. अल्प मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन पीकहंगाम थकल्यावर होतं. हा फरक का, हेही सांगता यावं : शेतकऱ्याकडं पैसा महिन्याला येत नाही, माल निघाल्यावर येतो. १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जासाठी विनातारण मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख झाली. ठेवीला विमासंरक्षण ५ लाखांपर्यंत आहे. येत नसलेल्या प्रश्नाला ‘सॉरी सर, मला माहीत नाही’ म्हणा आणि थांबा. अंदाजानं बोललात तर पुढचे तीन प्रश्न त्याच अंदाजावर येतात. हिंदीत मुलाखत देण्याचा पर्याय निवडता येत असेल आणि इंग्रजी अडखळत असेल तर संकोच न करता हिंदी निवडा.

कागदपत्रांत मराठवाड्यातली मुलं दोन ठिकाणी हमखास अडतात. पहिलं, ओबीसीचं नॉन-क्रिमीलेअर. राज्याच्या नमुन्यातलं इथं चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातलं आणि जाहिरातीत दिलेल्या तारखांमधलं लागतं. सेतू केंद्रात अर्ज करतानाच ‘केंद्राच्या नमुन्यात’ असं सांगा. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) हा प्रवर्ग फक्त राज्याचा आहे, केंद्रीय भरतीत तो नाही. अर्जात भरलेला प्रवर्ग मुलाखतीच्या टेबलावर बदलून मिळत नाही. दुसरं, नाव. दहावीच्या मेमोवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठं वडिलांचं नाव आहे, कुठं नाही. सगळे कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधार दहावीच्या मेमोप्रमाणं दुरुस्त करून घ्या. वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा.

प्रश्न : मी लातूरची. बीकॉम, टॅली येतं. मुलाच्या जन्मानंतर पाच वर्षं घरी होते. आता एका दालमिलमध्ये अकाउंटंटसाठी बोलावलंय. गॅपबद्दल विचारतील ही धास्ती आहे.

उत्तर : ताई, विचारतीलच. एका वाक्यात सांगा : ‘मुलगा लहान होता म्हणून पाच वर्षं काम थांबवलं, आता तो शाळेत जातो.’ माफी मागितल्यासारखं बोलू नका. ‘मुलाला कोण सांभाळेल?’ असा प्रश्न आला तर ‘घरी व्यवस्था झाली आहे’ एवढं बास. घरातल्या सगळ्यांची माहिती देत बसायची गरज नाही.

मालकाची खरी शंका वेगळी असते : पाच वर्षांत बदललेलं तुम्हाला माहीत आहे का? त्याची तयारी करा. जानेवारी २०२२ पासून इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी पोर्टलवरच्या २बी या यादीत दिसतं तेवढंच घेता येतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवरचे जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे दर गेले. मुख्य दर ५, १८ आणि काही वस्तूंवर ४० राहिले. डाळ २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या पिशवीत विकली तर ५ टक्के लागतो, त्याहून मोठ्या कट्ट्याला नाही. दालमिलच्या मुलाखतीत हा प्रश्न येणारच असं धरून चला. मालवाहतुकीचं ई-वे बिल राज्याबाहेर ५० हजारांवर, महाराष्ट्रात १ लाखावर.

तारखा तोंडपाठ हव्यात : दरमहा रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) ११ तारखेला, ३बी (कर भरण्याचं) २० ला, टीडीएसचा भरणा ७ ला. टॅलीवर बसवून पाच-सहा नोंदी करायला सांगतात. रोख रक्कम बँकेत भरली तर एफ४ काँट्रा (रोख-बँक यांमधली नोंद). बरेच जण घाईत एफ५ पेमेंटमध्ये टाकतात. ट्रान्सपोर्टच्या भाड्यावर रिव्हर्स चार्ज (कर विक्रेत्याऐवजी घेणाऱ्यानं भरणं) कधी लागतो, आणि २बी व खरेदीचं रजिस्टर जुळलं नाही तर काय कराल, हे आधी करून बघा. दुसऱ्याचं उत्तर : ज्याचं बिल दिसत नाही त्या पार्टीला फोन, तोवर ते क्रेडिट थांबवायचं.

प्रश्न : वर्षाला २ लाख ६४ हजारांचं पॅकेज सांगितलंय. म्हणजे महिन्याला २२ हजार हातात येतील ना?

उत्तर : नाही. सीटीसीत (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, म्हणजेच हे पॅकेज) कंपनीच्या वाट्याचं सगळं धरलेलं असतं. समजा बेसिक १२ हजार आहे. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,४४०, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, सुमारे ५७७. शिवाय कंपनीचा ईएसआय (कर्मचारी विमा) ग्रॉसवर ३.२५ टक्के. हे वजा झालं की ग्रॉस (कपातीआधीचा पगार) साधारण १९,३५० राहतो. त्यातून तुमचा पीएफ १,४४०, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १४६, आणि व्यवसाय कर २०० जातो; फेब्रुवारीत ३००. हातात साडेसतरा हजारांच्या आसपास येतात. स्त्री कर्मचाऱ्याला २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही.

म्हणून एचआरला ‘इनहँड किती?’ हे सरळ विचारा. त्यासोबत तीन गोष्टी विचारायला लाजू नका : कंपनी रोलवर की कॉन्ट्रॅक्टवर, शिफ्ट कशा, बस आणि कँटीनचे पैसे कापतात का? पण हे मुलाखतीच्या सुरुवातीला नको. तांत्रिक बोलणं संपून एचआरकडं बसवलं की विचारा. ‘अपेक्षा किती?’ या प्रश्नाला ‘तुम्ही द्याल ते’ म्हणू नका. खोलीभाडं, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च मांडून एक आकडा ठरवा आणि तोच सांगा.

प्रश्न : नांदेडला एकानं ‘मुलाखत नक्की काढून देतो, आधी युनिफॉर्म आणि सिक्युरिटीचे साडेतीन हजार भरा’ असं फोनवर सांगितलं. कंपनी मोठी आहे. भरू का?

उत्तर : एक रुपयाही भरू नका. मुलाखत किंवा नेमणुकीसाठी उमेदवाराकडून असे पैसे मागणं हीच फसवणुकीची खूण समजा. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर काढून त्यांच्याकडं चौकशी करा. त्या माणसानं पाठवलेल्या नंबरवर नाही. आधार, पॅन, बँक पासबुकाचे फोटो पाठवले असतील तर खात्यावर लक्ष ठेवा आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. चॅट, कॉलची यादी आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक डिलीट करू नका, तक्रारीत तेच लागतात.